हक्क की सोय? दम्माममधली मराठी कुटुंबं, दवाखाना आणि शाळा

इतिहासाच्या आजच्या भागात आपण आखातात जाणार आहोत. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं दम्माम हे आपलं आजचं गाव. ऐकणाऱ्यांपैकी काही जण तिथेच राहतात, काही राहून आले आहेत आणि अनेकांचे भाऊ, मेहुणे, जावई आजही तिथे नोकरी करतात.

परदेशी निघालेलं प्रत्येक मराठी कुटुंब एक प्रश्न विचारतं. तिथलं सरकार आपल्याला काय देणार? मूल आजारी पडलं तर दवाखाना फुकट आहे का? शाळेची फी किती? टोरांटोला जाणाऱ्याला याचं उत्तर सरळ मिळतं. कायम वास्तव्याचा कागद हातात आला की प्रांताचं आरोग्य कार्ड मिळतं आणि मुलं जवळच्या सरकारी शाळेत जातात. लंडनला जाणारा व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरतो आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा लाभ घेतो. ही पद्धत २०१५ पासूनची आहे. दम्मामला जाणाऱ्याला मात्र उत्तर मिळतं ते असं : "कंपनीला विचारा."

या दोन शब्दांमागे साधारण पंचाऐंशी वर्षांचा इतिहास आहे. मराठीत 'हक्क' आणि 'सोय' असे दोन वेगळे शब्द आहेत. हक्क माणसाबरोबर राहतो. सोय कुणीतरी केलेली असते, आणि करणारा बाजूला झाला की तीही जाते. दम्माममध्ये आपल्या लोकांना दवाखाना मिळाला, शाळाही मिळाली, पण बहुतेक वेळा सोय म्हणून. ते कसं झालं, आणि त्याचा आपल्या मुलाबाळांशी आजही काय संबंध आहे, ते आज बघू.

तेलाच्या विहिरीपासून

शंभर वर्षांपूर्वी दम्माम हे मासेमारीचं छोटं गाव होतं. १९२३ मध्ये बहारीनहून आलेल्या दवासिर जमातीच्या लोकांनी तिथे वस्ती केली. जवळच धहरानची टेकाडं आहेत. १९३३ मध्ये सौदी राजाने अमेरिकन कंपनीला तेल शोधण्याची सवलत दिली. कंपनीने एकामागून एक विहिरी खोदल्या, पण म्हणावं तसं काही लागेना. अखेर मार्च १९३८ मध्ये 'दम्माम क्रमांक सात' या विहिरीला सुमारे १४४० मीटर खोलीवर भरपूर तेल लागलं आणि त्या किनाऱ्याचं नशीब पालटलं. हीच कंपनी १९४४ पासून अरामको या नावाने ओळखली जाऊ लागली.

तेल काढायला अभियंते अमेरिकेतून आले. हिशेब ठेवायला, टंकलेखन करायला, सुतारकाम, गवंडीकाम, यंत्रदुरुस्ती करायला माणसं हवी होती. शेजारच्या बहारीनमध्ये १९३२ मध्येच तेल सापडलं होतं आणि तिथे हिंदुस्थानी कारकून, कारागीर आधीपासून काम करत होते. मुंबई बंदरातून आखाताकडे बोटी जात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास धहरान आणि रास तनुराच्या कामांवरही हिंदुस्थानी माणसं पोचली. कोकणच्या माणसाला मुंबई आणि मुंबईच्या माणसाला बोट नवीन नव्हती, त्यामुळे ही वाट आपल्याकडे लवकर रुळली.

त्या काळी तिथे सरकारी दवाखाने नावालाच होते. औषधपाणी कंपनी करायची आणि घरंही तीच द्यायची. पण ती सगळ्यांना सारखी नसत. अमेरिकन अधिकाऱ्यांची वसाहत वेगळी, मधल्या दर्जाच्या नोकरांची वेगळी आणि मजुरांची वेगळी. कुणाला कसली खोली, कुठला दवाखाना, हे नोकरीच्या दर्जावर ठरायचं. अरब कामगारांनी याविरुद्ध १९४५ मध्ये आणि पुन्हा १९५३ मध्ये मोठे संप केले. त्यानंतर सौदी कामगारांसाठी घरं, शाळा, दवाखाने हळूहळू सुधारत गेले. परदेशी माणूस करारावर आलेला होता. करार संपला की तो परत जाणार, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं होतं.

१९५१ मध्ये दम्माम ते रियाध रेल्वे सुरू झाली. त्याच दशकात पूर्व प्रांताचा कारभार होफुफहून दम्मामला आला. १९५२ मध्ये परदेशी माणसांच्या वास्तव्याचा कायदा झाला. आपण ज्याला इकामा म्हणतो, त्या वास्तव्य परवान्याचं मूळ या कायद्यात आहे. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माणूस देशात येतो तो मालक, हाच परदेशी माणसाचा सरकारशी दुवा ठरला. पुढच्या साऱ्या गोष्टी याच दुव्याला बांधलेल्या आहेत.

भरभराटीची वर्षं

१९७३-७४ मध्ये तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. सौदी सरकारच्या हातात अचानक प्रचंड पैसा आला. रस्ते, बंदरं, विमानतळ, कारखाने, सगळं एकदम उभं करायचं ठरलं. १९७५ मध्ये जुबैल औद्योगिक नगरीसाठी शाही आयोग नेमला गेला. दम्माम, खोबर आणि धहरान ही तीन गावं वाढत वाढत एकमेकांना भिडली.

मुंबईत भरती करणाऱ्या एजंटांच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. रत्नागिरी, रायगडच्या गावांतून वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, स्वयंपाकी निघाले. पुण्या-मुंबईतून अभियंते, लेखापाल, ड्राफ्ट्समन निघाले. भारत सरकारने १९८३ मध्ये नवा उत्प्रवासन कायदा केला. कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर, आखातासारख्या देशांत कामाला जायचं तर, सरकारी परवानगीची अट आली. कोकणातल्या घराघरांत 'ईसीआर' ही तीन अक्षरं तेव्हापासून पाठ झाली.

त्या वर्षांत सौदी आरोग्य मंत्रालयाचे दवाखाने झपाट्याने वाढले. हातात पैसा होता आणि कामाला माणसं हवी होती, त्यामुळे सरकारी दवाखान्यांत परदेशी कामगारांवरही उपचार होत. १९६९ च्या कामगार कायद्याने कामगारांच्या औषधोपचाराची जबाबदारी मालकावर टाकली होती. जुने लोक "तेव्हा सगळं फुकट होतं" म्हणतात, ते या काळाबद्दल. त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. मात्र ते फुकट होतं म्हणून हक्काचं होतं, असं नव्हे.

ते पुढे कागदावरही स्पष्ट झालं. मार्च १९९२ मध्ये राजे फाहद यांनी राज्यकारभाराचा मूलभूत कायदा जाहीर केला. त्यातलं ३१ वं कलम म्हणतं की शासन सार्वजनिक आरोग्याची काळजी घेईल आणि प्रत्येक नागरिकाला आरोग्यसेवा देईल. आजारपण, अपंगत्व, म्हातारपण यांत आधार देणारं २७ वं कलमही नागरिक आणि त्याच्या कुटुंबाबद्दल आहे. ३६ वं कलम सुरक्षिततेचं आहे, आणि तिथे मात्र नागरिकांबरोबर देशात राहणाऱ्या सर्वांचा उल्लेख येतो. म्हणजे संरक्षण सगळ्यांना, आणि आरोग्यसेवेची हमी नागरिकांना. नागरिकत्व तर आपल्या लोकांना मिळण्याची वाट जवळजवळ नव्हतीच.

विम्याचं कार्ड आलं

१९९८ च्या शेवटी तेलाचा भाव बॅरलला दहा डॉलरच्या आसपास उतरला. सरकारी तिजोरीवर ताण आला. लाखो परदेशी कामगारांच्या उपचारांचा भार सरकारने का उचलायचा, हा प्रश्न पुढे आला. १९९९ मध्ये सहकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. त्याचा गाभा सोपा आहे. परदेशी कामगाराचा आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचा आरोग्य विमा मालकाने काढायचा आणि त्याचा हप्ता मालकानेच भरायचा. देखरेखीसाठी एक परिषद नेमली गेली.

अंमलबजावणी २००६ पासून टप्प्याटप्प्याने झाली. आधी मोठ्या कंपन्या, मग मध्यम, मग लहान. विमा नसेल तर इकाम्याचं नूतनीकरण अडू लागलं. पूर्वी आजारी पडल्यावर माणूस कुठला दवाखाना म्हणून विचारायचा. आता प्रश्न झाला, आपला 'क्लास' कोणता? कारण विम्याच्या कार्डांतही वर्ग आले. वरच्या वर्गाच्या कार्डाला मोठी खासगी इस्पितळं उघडी, खालच्या वर्गाला ठरावीक दवाखाने. १९४० च्या दशकातल्या वेगवेगळ्या वसाहतींची आठवण व्हावी, असा हा प्रकार.

तरीही या कायद्याचं श्रेय नाकारता येणार नाही. लहान दुकानातल्या कामगाराला यापूर्वी मालकाच्या मर्जीवर राहावं लागे. आता किमान संरक्षण कायद्याने ठरलं. एका माणसासाठी वर्षाची कमाल मर्यादा २०१४ मध्ये अडीच लाखांवरून पाच लाख रियाल झाली आणि २०२२ मध्ये दहा लाख रियाल. बाळंतपण, मूत्रपिंडाचे विकार, मानसिक आजार यांचाही त्यात समावेश आहे. खोबरच्या एखाद्या खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया करून घेणारं मराठी कुटुंब आज जे बिल वाचवतं, ते या कायद्यामुळे.

पण हे कार्ड नोकरीचं आहे. नोकरी गेली, अंतिम प्रस्थानाचा शिक्का पडला, की कार्ड संपलं. तीस वर्षं दम्मामला काढलेला साठीचा माणूस ज्या दिवशी निवृत्त होतो, त्या दिवशी त्याचं आरोग्याचं छत्र जातं. मधुमेह आणि रक्तदाब मात्र त्याच्याबरोबर घरी येतात. भारतात त्या वयात, जुने आजार लिहून देऊन नवा खासगी विमा घेणं किती कठीण आणि महाग असतं, हे श्रोत्यांपैकी अनेकांनी अनुभवलं असेल. नातवंडांना भेटायला तिकडे गेलेल्या आईवडिलांचंही तसंच. भेट-व्हिसाबरोबरचा विमा मुख्यतः तातडीच्या प्रसंगासाठी असतो. नेहमीची औषधं आणि जुन्या आजारांचे इलाज त्यात धरून चालू नये.

शाळा पालकांनी उभी केली

आता शाळेकडे वळू. सौदी सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या आणि सौदी अभ्यासक्रमाच्या. परत जायचं ठरलेल्या भारतीय कुटुंबासाठी ती वाट जवळपास बंदच होती. म्हणून सुरुवातीच्या काळात बहुतेक जण एकटेच जात. बायकामुलं रत्नागिरीला, पुण्याला, सांगलीला. ज्यांना कुटुंब नेता येई, त्यांची मुलं शाळेच्या वयाची झाली की आजीकडे किंवा वसतिगृहात पाठवली जात.

जेद्दाहला भारतीय शाळा १९६९ पासून होती. पूर्व प्रांतात १९८२ मध्ये दम्मामची आंतरराष्ट्रीय भारतीय शाळा सुरू झाली. अभ्यासक्रम सीबीएसईचा, पाठीशी भारतीय दूतावास, परवानगी सौदी शिक्षण खात्याची आणि कारभारात पालकांमधून निवडलेली समिती. मुलांचा आणि मुलींचा विभाग वेगळा. खर्च चालतो तो पालकांच्या फीवर. हळूहळू ही शाळा हजारो विद्यार्थ्यांची झाली आणि देशाबाहेरच्या सर्वांत मोठ्या भारतीय शाळांमध्ये तिची गणना होऊ लागली. केरळ, तामिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, बिहार आणि महाराष्ट्र, सगळीकडची मुलं एका बाकावर बसली.

ही फी खासगी शाळांच्या मानाने आवाक्यातली ठेवण्याचा प्रयत्न झाला, म्हणूनच मध्यम पगाराच्या माणसाला कुटुंब जवळ ठेवणं जमलं. दम्माममधल्या मराठी घरांत गणपती बसू लागले, दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जाऊ लागला, घराच्या चार भिंतींत का होईना मराठी गाण्यांच्या मैफली झाल्या, याच्या मागे ही शाळा आहे. मुलं आली म्हणून घर आलं, आणि घर आलं म्हणून सण आले.

पण हे सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. कुटुंब न्यायचं तर इकाम्यावरचा हुद्दा आणि पगार ठरावीक पातळीच्या वर असावा लागतो. मजुरांच्या छावणीत राहणाऱ्या सुतार-गवंड्याला ती परवानगीच मिळत नाही. त्याची मुलं मंडणगडच्या किंवा म्हसळ्याच्या शाळेत वाढली आणि बापाला दोन वर्षांतून एकदा भेटली. दम्मामच्या मराठी माणसांचा इतिहास सांगताना गणपतीच्या फोटोंतली कुटुंबंच डोळ्यांपुढे येतात. छावणीतला माणूस त्या फोटोत नसतो. त्याच्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या त्याला कुणी सांगत नाही. पहिली, सौदी सामाजिक विमा संस्थेत, म्हणजे गोसीमध्ये, मालक परदेशी कामगारासाठी पगाराच्या दोन टक्के भरतो. हा पैसा कामावरच्या अपघातासाठी असतो. दुसरी, भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना. ती २००३ मध्ये सुरू झाली आणि ईसीआर पासपोर्टवर कामाला जाणाऱ्यांना ती बंधनकारक आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, त्यावर कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचं संरक्षण. हप्ता भरलेला असतो, पण गावाकडच्या बायकोला पॉलिसीचा पत्ता नसतो, अशी स्थिती येऊ देऊ नये.

जुलै २०१७ आणि जुलै २०२०

तेलाचे भाव २०१४ नंतर पुन्हा घसरले. सौदी सरकारने २०१६ मध्ये 'व्हिजन २०३०' जाहीर केलं आणि उत्पन्नाचे नवे मार्ग शोधले. १ जुलै २०१७ पासून परदेशी माणसाच्या कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा शंभर रियाल शुल्क आलं. ते दरवर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये चारशे रियाल झालं.

हिशेब करून बघू. बायको आणि दोन मुलं, म्हणजे तीन माणसं. पहिल्या वर्षी ३,६०० रियाल. चारशेच्या दराने वर्षाचे १४,४०० रियाल. हे इकामा नूतनीकरणाच्या वेळी आधीच भरायचे. काही मोठ्या कंपन्यांनी भार उचलला, बाकीच्यांनी तो नोकरदारावर सोडला.

त्याच्या जोडीला १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०२० पासून तो पंधरा टक्के झाला. खासगी शाळा आणि खासगी दवाखाना यांवरचा हा कर सौदी नागरिकांसाठी सरकार भरतं. परदेशी माणसाला तो स्वतः भरावा लागतो. एकाच शाळेच्या एकाच खिडकीवर दोन पालक दोन वेगळ्या रकमा भरतात, आणि फरक आहे तो ओळखपत्राचा.

या वर्षांत दम्माम-खोबरची कितीतरी भारतीय कुटुंबं घरी परतली. नवरा तिथेच राहिला, बायकामुलं पुण्याला, नाशिकला, चिपळूणला आली. १९७० च्या दशकातलं चित्र पुन्हा दिसू लागलं. शाळेच्या वर्गातले मित्र एका सत्रात पांगले. २०१९ मध्ये सौदी सरकारने पैसे भरून मिळणारा विशेष वास्तव्य परवाना सुरू केला. त्यात या शुल्कातून सुटका आहे. त्याची किंमत मात्र कायमच्या परवान्यासाठी आठ लाख रियाल आणि वर्षाच्या परवान्यासाठी एक लाख रियाल. ती पगारदार मराठी माणसाच्या हिशेबात बसणारी नव्हती.

याच काळात एक वेगळी गोष्टही घडली, आणि तीही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. ३० मार्च २०२० रोजी राजे सलमान यांच्या आदेशाने कोरोनाचे उपचार देशातल्या प्रत्येकाला मोफत जाहीर झाले. नागरिक, इकामाधारक आणि इकाम्याची मुदत संपलेले, सगळे त्यात आले. त्या डिसेंबरात लसीकरण सुरू झालं, तेही सर्वांना मोफत. कागद न विचारता दवाखान्याचं दार उघडलेलं त्या पिढीने तेव्हा पाहिलं. साथ ओसरल्यावर विम्याचं कार्ड पुन्हा पुढे आलं.

घरचं दार

इथपर्यंत गोष्ट दम्मामची झाली. पण पात्रतेचा प्रश्न तिथे संपत नाही. परत आल्यावर तो आपल्याच घरी उभा राहतो, आणि बऱ्याच कुटुंबांना तो उशिरा कळतो.

पहिली गोष्ट जन्माची. ३ डिसेंबर २००४ पासूनच्या नियमाप्रमाणे परदेशात जन्मलेल्या भारतीय मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते. वेळेत नोंद नसेल तर नागरिकत्वासाठी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. पूर्व प्रांताचं हे काम रियाधच्या दूतावासाच्या कक्षेत येतं. सौदी जन्मदाखला आहे, पण भारतीय नोंद राहिली, असं होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट शाळेची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. परत आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत प्रवेश मागता येतो, आणि कागद कमी आहेत म्हणून तो नाकारता येत नाही. दम्मामला जी गोष्ट फी भरून मिळत होती, ती इथे खरोखरच हक्काची आहे. खासगी शाळेत घालायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा, की २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरी मराठी बोलणारं, पण देवनागरीत कधी चार ओळी न लिहिलेलं मूल सातवीच्या वर्गात अडखळतं. तिकडे असतानाच रोज अर्धा तास मराठी लिहून घेतलं, तर ही अडचण येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण झालेली असावी लागते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात सवलत आहे, आखातातल्या नोकरदारांच्या मुलांना सर्वसाधारणपणे नाही. म्हणजे आईवडील, आजीआजोबा सगळे साताऱ्याचे, पण मुलीने दहावी-बारावी दम्मामला केली, तर राज्याच्या सरकारी महाविद्यालयातली राज्य कोट्याची जागा तिच्यासाठी बंद होते. उरतो अखिल भारतीय कोटा, नाहीतर अनिवासी भारतीयांचा कोटा. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांना अनिवासी कोट्यासाठी पंधरा टक्क्यांपर्यंत मुभा दिली. त्या जागांची फी मात्र साधारण नोकरदाराच्या अंगावर येते.

अभियांत्रिकीत थोडी बरी वाट आहे. एनआयटीसारख्या संस्थांत परदेशी शिकलेल्या मुलांसाठी 'दासा' योजना २००१-०२ पासून आहे. तिच्यात आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी स्वतंत्र गट आहे, आणि त्या गटाला भारतातल्या विद्यार्थ्याइतकीच फी पडते. प्रवेश आता जेईई मुख्य परीक्षेवर होतो. नीटचं केंद्र परदेशात प्रथम २०२१ मध्ये कुवेत आणि दुबईला मिळालं आणि २०२२ मध्ये रियाधलाही. त्याआधी मुलांना परीक्षेसाठी विमानाने भारतात यावं लागे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. आणि डॉक्टर व्हायचं मनात असलेलं मूल घरात असेल, तर परतायचं की नाही याचा विचार बारावीनंतर नको. तो आठवी-नववीतच व्हायला हवा.

चौथी गोष्ट आरोग्याची. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरांपुरती होती. पुढे तिचं दार राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना उघडलं आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत गेलं. पण तिथे शिधापत्रिका लागते. वीस वर्षांपूर्वी गाव सोडताना तिच्यातून नाव कमी केलेला माणूस परत येतो, तेव्हा तो आपल्याच तालुक्यात कागदाविना उभा असतो. सत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. वयाचा पुरावा आधार कार्डावरून धरला जातो. अनिवासी भारतीयाला भारतीय पासपोर्टवर, १८२ दिवस न थांबता, आधारसाठी अर्ज करता येतो. ही सवलत २०१९ ची आहे. सुट्टीवर आलात की एक सकाळ यासाठी काढा.

केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी राज्य सरकारचं स्वतंत्र खातं काढलं आणि पुढे परतलेल्यांसाठी कल्याण निधीचा कायदाही केला. दम्मामच्या शाळेत त्याच बाकावर बसलेल्या मल्याळी मुलाच्या बापाला घरी गेल्यावर कुठल्या दारात जायचं, ते ठाऊक असतं. आपल्याकडे कोकणातून इतकी माणसं पन्नास वर्षं आखातात गेली. परतलेल्या माणसाचं नाव शिधापत्रिकेत कसं चढवायचं, दम्मामला शिकलेल्या साताऱ्याच्या मुलीला राज्याची जागा का मिळू नये, हे प्रश्न मराठी मंडळांच्या बैठकांत आणि आमदारांच्या पुढ्यात यायला हवेत. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातो. या कामासाठीही जाता येईल.

तोवर प्रत्येक घराने एक फाइल करावी. जन्मनोंदी, शाळेचे दाखले, विम्याच्या पॉलिसी, गोसीचा क्रमांक, अधिवास, आधार, शिधापत्रिका. एक प्रत तिकडे, एक गावाकडे. ती कुठे ठेवली आहे, हे घरातल्या बाईला आणि मोठ्या मुलाला माहीत असू द्या.

आजचा भाग इथेच संपवतो. दम्माम, खोबर, जुबैलच्या श्रोत्यांनी आपल्या घरातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा, पहिला दवाखाना कुठला, पहिली शाळा कुठली, फी किती होती. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवा. पुढच्या भागात पुन्हा भेटू.